जेवायला किती जण

आमच्या गल्लीच्या टोकाला कवळ्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, मधोमध एक लांबट टेबल आणि टेबलावर दात. सुळे, दाढा, पटाशीचे, वरचे, खालचे. तोंड मात्र एकालाही नाही. पहिल्यांदा आत आलेला माणूस जरा बिचकतो, कारण अख्खं टेबल त्याच्याकडे बघून हसत असतं. मग सवय होते.

बाबा तिथे कामाला होते. दात बनवायला नाही, वाचायला.

हे नीट सांगायला हवं. कवळीच्या कामात हात गुंततात, डोळे गुंततात, पण कान मोकळे राहतात. आणि मोकळे कान शेजारच्याच्या घरातल्या गोष्टी ऐकायला लागतात, मग भांडणं होतात. म्हणून फार पूर्वी टेबलावरच्या लोकांनी ठरवलं की आपल्यातल्या एकाने काम करायचं नाही, पुस्तक वाचून दाखवायचं आणि त्याच्या वाटणीचं काम बाकीच्यांनी उरकायचं. बाबा तेव्हा मेणात दात बसवायला होते. वाकडे बसवायचे. त्यामुळे निवड बिनविरोध झाली.

सुरुवातीला त्यांनी थोरामोठ्यांची चरित्रं वाचली. लोक डुलक्या घ्यायला लागले आणि एका गृहस्थांना वरच्या कवळीऐवजी खालची गेली. मग एक कौटुंबिक कादंबरी आणली. पॉलिशवाल्या काकू म्हणाल्या, "हे मला घरी मिळतं. दिवसभर इथे राबायचं आणि वर जावेचंच ऐकायचं?" मग बाबा कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून 'गिधाड' घेऊन आले, आणि तेव्हापासून त्या खोलीत दुसरं काही वाचलं गेलं नाही.

'गिधाड' हे एका जहाजाचं नाव. परमुलखात मेलेल्यांच्या शवपेट्या त्यांच्या त्यांच्या देशात पोचवायचं काम ते करतं. मालिकेचे भाग इतके आहेत की लायब्ररीत त्यांचं स्वतंत्र कपाट आहे. प्रत्येक भागात एका पेटीत नको ते निघतं. कधी चोरीचा ऐवज, कधी दुसरंच कोणीतरी, कधी तोच माणूस पण जिवंत. मग समुद्र खवळतो, खलाशी पटापट मरतात, आणि कप्तानबाई, ज्या कधीच झोपत नाहीत, तोंडात सुरी धरून काळोख्या तळघरात उतरतात. कव्हरवर नेहमी चंद्र असतो आणि नेहमी कोणाचा तरी हात पेटीच्या बाहेर आलेला असतो.

लोकांना हे का आवडायचं, असं मी मेणकाकांना एकदा विचारलं होतं. मेणकाका म्हणजे बाबांच्या जागी दात बसवायला आलेले, शांत माणूस. ते म्हणाले, "दिवसभर मी अनोळखी माणसाचं हसू जुळवत असतो. कोणीतरी किंचाळलं की बरं वाटतं."

काकूंचं मत विचारायची गरज नव्हती. त्यांच्याकडे पॉलिशचं चाक होतं. चाक सुरू केलं की इतका घरघराट होतो की माणसाला स्वतःचं ऐकू येत नाही. काकूंची पद्धत अशी की कथेत काही घडत असलं तर त्या ब्रशने बारीकसारीक साफसफाई करायच्या, आणि सूर्यास्ताचं वर्णन आलं की चाक सुरू. सूर्य मावळला की बंद. त्या अंदाजानेच कळायचं त्यांना. कारखान्यात कोणीही 'गिधाड'मधला एकही सूर्यास्त पूर्ण ऐकलेला नाही.

आणि जहाजावर एक आचारी होता. जाडा, भित्रा, बोट लागणारा. मारामारी सुरू झाली की रिकाम्या शवपेटीत जाऊन झोपायचा आणि आतून कडी नाही म्हणून झाकण हाताने ओढून धरायचा. सगळं शांत झालं, डेकवर मुडदे पडलेले असले, की झाकण जरासं उघडायचं आणि तो विचारायचा, "जेवायला किती जण?"

मग टेबलावरची सगळी माणसं हसायची. तोंडाला मास्क असल्यामुळे ते फक्त खांद्यांवरून कळायचं.

बाबा घरी आले की दारात चपला काढता काढता हेच विचारायचे. घरात आम्ही तिघंच. आई म्हणायची, "शंभर. राजवाडा आहे ना आपला." रोज. दोघांपैकी एकालाही कंटाळा आला नाही. मला आला होता.

आता माझ्याबद्दल. मी आवाजाच्या क्षेत्रात आहे. म्हणजे एका दुपारी एका लिफ्टच्या कंपनीने मला बोलावून मजल्यांची नावं रेकॉर्ड करून घेतली. 'दार उघडत आहे, दार बंद होत आहे, कृपया दारापासून दूर उभे राहा.' माझ्या आवाजात काहीच भाव नसल्यामुळे निवड झाली, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. त्यानंतर काम मिळालं नाही, कारण मजले वाढत नाहीत. पण कोणी विचारलं की आई सांगायची, "आवाजाच्या क्षेत्रात आहे."

बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर नर्सशी दुसऱ्याच कोणाच्या तरी इंजेक्शनबद्दल बोलत होते, आणि बोलता बोलता आमच्याकडे वळून म्हणाले, "आणि हो, खिडकीजवळचे पेशंटही गेले." पुन्हा इंजेक्शनकडे वळले. मी खिडकीजवळ पाहिलं. तिथे बाबा होते.

खाली न्यायला लिफ्ट आली. स्ट्रेचर, वॉर्डबॉय, आई, मी. दार लागलं आणि मी ऐकलं, "दार बंद होत आहे." मीच बोलत होतो. मग प्रत्येक मजला मी सांगत गेलो, थंडपणे, एकही न चुकवता. शेवटी म्हणालो, "तळमजला. कृपया दारापासून दूर उभे राहा." आई दूर उभी राहिली.

त्यानंतर घरात माणसांची ये-जा सुरू झाली. मावशीने माझे खांदे धरून सांगितलं, "रडून घे रे. आत साठवून ठेवू नये." मी आत जाऊन पाहिलं. आत काही साठवलेलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी गोदाम असतं तसं होतं, शटर खाली आणि आत कोणी नाही. "घेतो," मी म्हणालो. मावशीला वाटलं मी चहाबद्दल बोलतोय. तिने चहा दिला.

आईही रडत नव्हती. ती भांडी घासायची. घासून झाली की स्वच्छ भांडी पुन्हा घासायची. संध्याकाळी दारात चपला काढायची वेळ व्हायची आणि कोणी काही विचारायचं नाही. आम्ही दोघं दाराकडे बघायचो. मग ती वाढायची.

अशात कारखान्याचे मालक आले. चांगले गृहस्थ, पण हातात सतत काहीतरी नवीन यंत्राचं माहितीपत्रक असलेले. ते म्हणाले, बाबांसारखं कोणी होणार नाही, आणि लगेच म्हणाले की त्यामुळे त्यांनी स्पीकर मागवलाय. दिवसभर गाणी. वाचणाऱ्याची खुर्ची काढली की तिथे शेल्फ बसतं, मापं घेतली आहेत.

"पण टेबलावरची मंडळी ऐकेनात," मालक म्हणाले. "म्हणतात, चालू भाग अर्धवट राहिलाय. तेवढा तरी तू पुरा कर. जमलं तर बघू. नाही जमलं तर स्पीकर आहेच."

"तो आवाजाच्या क्षेत्रात आहे," आई म्हणाली.

मी हो म्हटलं. खुर्ची मला का हवी होती ते विचारलंत तर सांगता येणार नाही. तिच्या डाव्या हातावरचं पॉलिश बाबांच्या कोपराने गेलं होतं, एवढं मला माहीत होतं. तिथे शेल्फ बसू नये असं वाटत होतं. त्या दिवसांत दुसरं काहीच वाटत नसल्यामुळे मी ते वाटणं जपून ठेवलं.

पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसलो, खूण होती तिथून पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. कप्तानबाईंच्या गळ्याला दोर लागला होता आणि ज्याने दोर लावला होता तो तीन आठवड्यांपूर्वी मेलेला होता. मी वाचलं. टेबलावर कोणी मान वर केली नाही. थोड्या वेळाने घर्रर्र आवाज आला. काकूंनी चाक सुरू केलं होतं. मी पानावर पाहिलं, सूर्यास्त कुठेच नव्हता. मी आवाज चढवला. काकूंनी चाक चढवलं.

चहाच्या वेळी प्लास्टरताई माझ्या शेजारी येऊन बसली. ही सगळ्यात तरुण, जबड्यांचे साचे ओतायची, त्यामुळे कोपरापर्यंत कायम पांढरी. "वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली. "पण तिचा गळा आवळला जात होता ना, तेव्हा मला वाटलं आता पुढचा मजला येणार."

"सवय होईल," मेणकाका म्हणाले. "पण मला सांग, आचारी कुठाय?"

"कुठला?"

"आचारी रे. एवढा गोंधळ झाला आणि तो पेटीतून बाहेर आलाच नाही."

मी म्हटलं, येईल पुढे. चहा संपेपर्यंत पुढची पानं चाळली. आचारी नव्हता. शेवटचं पान पाहिलं. कप्तानबाई एकट्याच डेकवर उभ्या होत्या. जेवणाचा विषयच नव्हता.

संध्याकाळी लायब्ररीत गेलो. मला वाटलं या भागात आचारी रजेवर असेल. आधीचा भाग काढला, त्याच्या आधीचा काढला. उभ्या उभ्या चाळले. लहानपणी बाबांनी जेवताना सांगितलेले प्रसंग मला पाठ होते. आचारी भुताला उकळत्या पाण्याची धमकी देतो तो, आचारी चाच्यांच्या सरदाराला कांदे चिरायला बसवतो तो. प्रसंगांच्या जागा सापडल्या. चाचे होते, सरदार होता. कांदे नव्हते.

लायब्ररीवाल्या बाई चष्म्यावरून बघत होत्या. "काय शोधतोयस?"

"आचारी."

"तो चौथ्या भागात होता वाटतं. चौथा आमच्याकडे नाही. तुझ्या बाबांनी नेला तो परत आणलाच नाही. मागितला की म्हणायचे, वापरात आहे."

चौथा भाग वापरात होताच. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली. तो तिथे माझ्या आठवणीच्याही आधीपासून होता आणि ते पुस्तक आहे हे मी विसरलो होतो.

"ते काढू नकोस," आई म्हणाली. "टेबल हलेल."

"बघून लगेच ठेवतो."

"तो टेबलाचा पाय आहे. त्यात काय बघायचंय?"

मी काढलं. टेबल हललं. कव्हरवर चंद्र, हात, आणि पायाचा गोल वळ. शोधायला वेळ लागला, कारण मी एखादं प्रकरण शोधत होतो. होतं ते अर्धं वाक्य. तळघरात पाणी शिरलेलं, सगळे वर धावतायत, आणि मग, 'त्या धांदलीत आचारीही दगावला, तेव्हा कप्तानबाईंनी सुरी दातांत धरली आणि...' पुढे त्यांच्या सुरीचं पानभर वर्णन.

एवढंच. तो कसा मेला, कुठे मेला, पेटीत होता की बाहेर, कोणी पाहिलं का, काही नाही.

म्हणजे उरलेलं कपाटभर बाबा स्वतःच्या मनाने आचारी घालत आले होते. छापलेल्या कथेत, वाचता वाचता, जराही न अडखळता. वर्षानुवर्षं. मेणात दात सरळ न बसवता येणारा माणूस. आणि समोर बसलेल्या बिचाऱ्यांना कल्पनाच नाही की ते ज्याच्यावर हसतायत तो केव्हाच बुडालाय.

"काय निघालं?" आईने विचारलं.

"काही नाही. पाय आहे."

ती ताट ठेवायला गेली. टेबल तिच्याकडे कललं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आचारी घालायचा. बाबांना जमलं तर मला का नाही. कप्तानबाईंनी दोर तोडला, मेलेल्याला पुन्हा मारलं, आणि मी एक श्वास घेऊन म्हणालो, "तेवढ्यात तिथे आचारी आला. तो म्हणाला, ठीक आहे का सगळं?"

टेबलावर हात थांबले.

"कोण म्हणाला?" काकू.

"आचारी."

"'ठीक आहे का सगळं'? असं म्हणाला?"

"हो."

"पेटीतून आला?"

"जिन्यावरून."

मेणकाकांनी हातातला सुळा खाली ठेवला. "हा तो नव्हे," ते म्हणाले. "आचारी जिना चढत नाही. गुडघे आहेत त्याचे."

"कोणीतरी त्याचे कपडे घातलेत," प्लास्टरताई म्हणाली. "खरा आचारी कुठेतरी कोंडलेला असणार. मागच्या भागात तो वेषांतरवाला सुटला होता ना?"

"हां, तो," काकू म्हणाल्या. "बारकाईने वाच रे. त्याच्या हातावर डाग आहे का बघ."

मी पानावर पाहिलं. पानावर समुद्र होता. "डाग दिसत नाही," मी म्हटलं.

"काळोख असेल. पुढे वाच."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी आचाऱ्याला आणायचो आणि टेबल त्याची झडती घ्यायचं. तो फार कमी बोलतो. तो फार सरळ उभा राहतो. कांद्याचा वास येतोय का त्याला, वाच नीट. एकदा मी थकून म्हटलं, "आचारी हसला," तर मेणकाका म्हणाले, किती दात दिसले. प्लास्टरताईने हिशोब मांडला की आता जहाजावर दोन तोतये आचारी आहेत आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. हे मला माझ्या कथेपेक्षा बरं वाटलं. काकूंचं चाक सकाळी सुरू व्हायचं ते जेवणाच्या सुट्टीला बंद व्हायचं.

स्पीकरचा खोका येऊन पडला. मालकांनी तो माझ्या खुर्चीशेजारी ठेवला आणि म्हणाले, "तुझं चालू दे. हा नुसता ठेवलाय." खोक्यावर हसऱ्या बाईचं चित्र होतं. त्या खोलीत तिचे दात कोणाच्याच पसंतीला उतरले नाहीत.

भागाची शेवटची थोडी पानं उरली तेव्हा मालक सकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. "आज संपेल ना?" त्यांनी विचारलं. "मग संध्याकाळी बसवून टाकू." आणि ते शेजारच्या खोलीत गेले.

मी त्या दिवशी पिशवीत चौथा भाग आणला होता. सकाळी टेबलाखालून काढला तेव्हा आईने विचारलंही नाही. नुसतं हाताने टेबल धरून ठेवलं.

मला वाटत होतं, खरं सांगून टाकावं. खुर्ची तर जाणारच होती. आणि दुसरं एक कारण होतं, जरा विचित्र. मला बघायचं होतं, कोणी गेल्याचं कळल्यावर माणसं काय करतात. मी आमच्या घरी नीट पाहिलं नव्हतं. मी लिफ्टमध्ये होतो.

"आज जरा मागचं वाचतो," मी म्हटलं आणि पुस्तक उघडलं. तळघरात पाणी शिरलं. खलाशी वर धावले. काकूंनी ब्रश घेतला, म्हणजे ऐकत होत्या. मी वाचलं, "त्या धांदलीत आचारीही दगावला." आणि थांबलो.

कोणी किंचाळलं नाही. मेणकाका काडीने मेण सारखं करत होते, ते करतच राहिले. प्लास्टरताईने हाताचं प्लास्टर खरवडलं. काकूंनी ब्रशमधला एक केस उपटून टाकला.

"चौथा भाग," काकू म्हणाल्या. "सापडला होय तुला."

"तो मेलाय," मी म्हटलं. "केव्हाच मेलाय. बाबा तुम्हाला..."

"आम्ही इथेच बसलो होतो की रे तेव्हा. हेच वाक्य. तुझ्या बाबांनी वाचलं, असंच, आणि असेच थांबले."

"आणि मग?"

"मग काय. त्या दिवशी कोणाचा हात चालेना. मी एका बाईची दाढ घासून घासून पटाशी केली. ह्या मेणवाल्याने एकाच कवळीत चार सुळे बसवले."

"ते गृहस्थ अजून वापरतात," मेणकाका म्हणाले. "तक्रार नाही."

"राग कशाचा आला माहितीये?" काकू म्हणाल्या. "मेला म्हणून नाही. ह्या पुस्तकात तर सगळेच मरतात, त्यासाठीच ऐकतो आपण. पण कसे मरतात. वीज कोसळते, कोणी पेटीतून हात काढतं, कप्तानबाई चंद्राकडे बघून शपथ घेतात. साधा डेक पुसणारा मेला तरी त्याला दीड पान मिळतं. आणि आचाऱ्याला अर्धं वाक्य. तेही सुरी दातांत धरता धरता. असं तर बाहेर मरतात माणसं. त्यासाठी पुस्तक कशाला?"

 मला डॉक्टरांचं नर्सशी चाललेलं ते इंजेक्शनचं बोलणं आठवलं.

"दुसऱ्या दिवशी तुझे बाबा आले," मेणकाका म्हणाले, "खुर्चीत बसले, वाचायला लागले. मारामारी संपली, आणि पेटीचं झाकण उघडलं. आचारी म्हणाला, जेवायला किती जण."

"कसा वाचला तो?"

"नाहीच वाचला. मेला होता. आला."

"कोणी विचारलं नाही?"

"कशाला विचारायचं?" काकू म्हणाल्या. "आलेल्या माणसाला, का आलास म्हणून विचारतात का?"

"मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," प्लास्टरताई म्हणाली. "डबा फळीवर ठेवायचा, साचा ओला असताना हलवायचा नाही, आणि आचारी मेलाय पण तसं बोलायचं नाही."

"मग मला कोणी सांगितलं नाही ते?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आम्हाला वाटलं," मेणकाका म्हणाले, "घरातलंच माणूस. तुला माहीत असणार."

मी चौथा भाग मिटला.  टेबलावरचे दात तेवढे हसत होते, पण त्यांचा तसा काही हेतू नसतो.

"तोतये दोन झाले," काकू म्हणाल्या. "आता त्यांचं काय ते बघ आणि भाग संपव. उजेड आहे तोवर."

मी चालू भाग उघडला. शेवटची पानं. कप्तानबाई तळघरात उतरल्या. मी पाण्याचा आवाज वाचला, उंदीर वाचले. मग पानाबाहेर पडलो. दोन्ही तोतये काळोखात एकमेकांवर आदळले आणि प्रत्येकाला वाटलं की खरा आचारी सापडला, म्हणून दोघांनी एकमेकांना बांधून ठेवलं. हे मी कुठून काढलं ते मला माहीत नाही. खांदे हलले. मेणकाकांचे, मग ताईचे. मी वाचत गेलो. मेलेला माणूस तिसऱ्यांदा मेला, ह्या वेळी पक्का. कप्तानबाई डेकवर आल्या. छापलेल्या पानावर त्या एकट्या होत्या आणि पुढे सूर्यास्त होता. मी सूर्यास्त गाळला.

"डेकवर कोणी हलत नव्हतं," मी म्हणालो. "वाराही नव्हता. मग कोपऱ्यातल्या पेटीचं झाकण जरा वर आलं. आतून आधी कांद्याचा वास आला. मग दोन बोटं आली. आत कडी नसते, म्हणून त्याने झाकण हाताने धरलं होतं, आणि इतका वेळ धरून धरून ती बोटं पांढरी पडली होती. मग त्याचं कपाळ दिसलं. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि चपला..." मी थांबलो. आचाऱ्याला चपला कुठून आल्या कळेना, पण आल्या होत्या. "चपला काढता काढता तो म्हणाला, जेवायला किती जण?"

 चाक बंद होतं. ब्रशही बंद होता. दारात मालक उभे होते, हातात स्क्रूड्रायव्हर. ते कधी आले ते मी पाहिलं नव्हतं.

इथे कप्तानबाई आकडा सांगतात. बाबांच्या दर भागात सांगायच्या. कधी सात, कधी चार. मग आचारी पातेलं शोधायला जातो आणि भाग संपतो. फक्त आकडा सांगायचा होता.

मी तोंड उघडलं. आकडा मला माहीत होता.

"मग?" मालक म्हणाले. स्क्रूड्रायव्हर त्यांनी खिशात घातला होता आणि ते खोक्यावर बसले होते, हसऱ्या बाईच्या तोंडावर. "किती जण?"

आवाज येईना. मी पुन्हा प्रयत्न केला. घशात काहीतरी वर आलं, पण ते अक्षर नव्हतं, आणि मला ते कुठल्याही मजल्यावर थांबवता येईना. मी पुस्तक चेहऱ्यासमोर धरलं. पुस्तक हलायला लागलं.

तेव्हा काकूंनी हात लांब केला आणि चाक सुरू केलं.

सूर्यास्त नव्हता, काही नव्हतं. त्यांच्या हातात कवळीसुद्धा नव्हती. चाक नुसतंच फिरत होतं, पूर्ण वेगात, आणि त्या घरघराटात खोलीतलं कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. मेणकाका मेणाकडे बघत होते. ताई साच्याकडे बघत होती. मालक बुटांकडे बघत होते. काकू माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या आणि चाक बराच वेळ चालू राहिलं.

मग ते बंद झालं.

"दोन," मी म्हणालो.

"दोन," मालक म्हणाले, आणि उठून खोका उचलला. "पुढचा भाग आणलायस का?"